पडद्यावरच्या मुंग्या आणि मावळांतला पाऊस



आपल्या मराठी भाषेंत कांहीं नांवें अशीं चपखल बसलेलीं आहेत कीं, तीं कोणीं ठेवलीं याचा पत्ता लागत नाहीं, आणि तीं बदलावीं असेंहि कोणास वाटत नाहीं. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्राऐवजीं काळेपांढरे ठिपके वळवळूं लागले म्हणजे आपण ‘मुंग्या आल्या’ असें म्हणतों. इंग्रजी बोलणारे लोक याच ठिपक्यांना ‘बर्फ’ म्हणतात. ज्यांच्या अंगणांत हिवाळ्यांत बर्फ सांचतो त्यांना पडद्यावर बर्फ दिसावा, आणि ज्यांच्या स्वयंपाकघरांत साखरेच्या डब्याभोंवतीं मुंग्यांची रांग लागते त्यांना मुंग्या दिसाव्या, हें स्वाभाविकच आहे.

लोणावळ्यास किंवा मावळांत कोठेंहि बर्फ पडत नाहीं. पडद्यावरच्या मुंग्या मात्र तेथें पिढीभर नांदल्या. चित्र बिघडलें कीं घरांतील वडील मंडळी ‘हवा बरी नाहीं’ असा निकाल देत, आणि आज छत्रीवरचें चित्र थांबलें तरी तोच निकाल दिला जातो. पाऊस, धुकें, थंडी, वारा या साऱ्यांना एकाच आरोपाखालीं उभें करण्याची ही पद्धत सोयीची खरी, पण न्यायाची नाहीं. हवेमुळें काय बिघडलें आणि घरच्या तारेमुळें काय, हें ओळखतां आलें नाहीं तर एक तर नको तो खर्च होतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. भर पावसांत कोणीतरी ओल्या पत्र्यावर किंवा शेवाळलेल्या गच्चीवर चढतो, आणि जें चित्र अर्ध्या तासानें आपोआप परत यावयाचें, त्याच्यासाठीं हातपाय मोडून घेतो. म्हणून आज या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करूं या.

प्रथम जागा पाहूं. लोणावळें हें सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंचीवर वसलेलें आहे. पश्चिमेस बोरघाट एकदम कोंकणांत उतरतो. पूर्वेस इंद्रायणीचें खोरें कार्ले, मळवली, कामशेत, वडगांव, तळेगांव या वाटेनें देशाकडे उघडत जातें. आग्नेयेच्या अंगास लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले आणि पवनेचें खोरें आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटाच्या भिंतीवरून वर चढतात आणि माथ्यावरच रिते होतात. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. रेल्वेनें दीड-दोन तासांवर असलेल्या पुणें शहरांत तो सातशेंच्या आसपास असतो. पाऊस आणि बिनतारी लहरी यांचा संबंध पाहावयाचा तर याहून चांगली जागा शोधून सांपडणार नाहीं.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९७३ सालीं, सिंहगडावरून पुण्यासाठीं त्याचे कार्यक्रम क्षेपित होऊं लागले. लोणावळें या दोहोंच्या मध्यें पडलें. पश्चिम-वायव्येस मुंबई आणि आग्नेयेस सिंहगड. दोन्हीहि हवाई अंतरानें पन्नास ते सत्तर किलोमीटरांच्या टप्प्यांत. आपलें घर कोणत्या डोंगराच्या आड आहे, यावर अँटेनाचें तोंड कोणीकडे करावयाचें हें ठरे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, माशाच्या कांट्यासारखा दिसणारा तो अँटेना जपानांतील यागी आणि उदा या दोन शास्त्रज्ञांनीं १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेला. आपल्या कौलांवर तो अर्धशतकानंतर येऊन बसला आणि कावळ्यांनीं त्याचें मनापासून स्वागत केलें.

आतां या मुंग्या येत कोठून? वास्तविक त्या कोठूनहि येत नाहींत. त्या यंत्रांत नेहमींच असतात. प्रत्येक ग्राहकयंत्रांत उष्णतेमुळें विद्युत्कणांची अखंड चुळबुळ चाललेली असते, आणि थोडी कुजबुज आकाशांतूनहि अँटेनाच्या वाटेनें येते. केंद्राची लहर बळकट असली म्हणजे ही चुळबुळ झांकून जाते. लहर दुबळी झाली कीं यंत्र आपली शक्ति वाढवून तिला मोठें करूं पाहतें, आणि लहरीबरोबर चुळबुळहि मोठी होऊन पडद्यावर उतरते. मास्तर खणखणीत बोलत असेपर्यंत मागच्या बांकावरील कुजबुज कोणास ऐकूं येत नाहीं. मास्तरांचा घसा बसला कीं तीच कुजबुज वर्गभर होते. मुंग्यांचें रहस्य एवढेंच.

तेव्हां खरा प्रश्न असा कीं, पाऊस या मास्तरांचा घसा बसवितो काय? येथें एक नियम लक्षांत ठेवावा. लहरीची लांबी पावसाच्या थेंबाच्या मानानें फार मोठी असली तर लहर थेंबाची दखल घेत नाहीं. मुंबई केंद्राच्या त्या जुन्या लहरींची लांबी सुमारें पांच मीटर होती. पावसाचा मोठ्यांत मोठा थेंब पांच-सहा मिलिमीटरांचा. हत्तीच्या वाटेंत मोहरीचे दाणे पडावे तसा हा प्रकार होता. घाटांत कितीहि पाऊस कोसळला तरी त्या लहरींचें विशेष कांहीं बिघडत नसे.

मग पावसाळ्यांत चित्र बिघडे तें कां? लहर शाबूत असे, पण तिला घरांत आणणारी वाट बिघडलेली असे. अँटेना आणि तार यांच्या जोडावर गंज चढे. दोन पदरी चपट्या तारेवर पाण्याचा थर बसला कीं लहरीचा बराच भाग वाटेंतच मुरे. सोसाट्याच्या वाऱ्यानें अँटेना फिरून सिंहगडाऐवजीं भलत्याच डोंगराकडे पाहूं लागे. दोष पावसाचा म्हणावयाचा तर एवढाच कीं, त्यानें आपली हयगय उघडकीस आणली.

थंडीचें काम याहून निराळें आहे आणि अधिक मौजेचें आहे. पौष-माघांत मावळांत आकाश निरभ्र असतें आणि रात्रीं जमीन झपाट्यानें निवते. थंड हवा जड असल्यामुळें ती डोंगरउतारांवरून घरंगळत येऊन इंद्रायणीच्या आणि पवनेच्या खोऱ्यांत सांचते, आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर झांकणासारखा बसतो. एरवीं उंचीबरोबर हवा थंड होत जाते; येथें तिचा क्रम उलटा होतो. अशा थरांत शिरलेल्या लहरी सरळ निघून न जातां खालीं वांकतात आणि पृथ्वीच्या वक्रतेबरोबर दूरवर जातात. त्यामुळें जीं दूरचीं केंद्रें एरवीं ऐकूं किंवा दिसूं नयेत तीं अवचित प्रकट होतात, आणि त्यांची लहर आपल्या केंद्राच्या लहरींत मिसळली तर चित्रावर आडव्या रेघा उमटतात. ऊन्ह वर आलें, थर मोडला, कीं सारें पूर्ववत् होतें.

हवेच्या थरांची ही करामत किती दूर पोंचते याचें एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें ठेवलेल्या, सुमारें दीड मीटर लांबीच्या लहरींवर चालणाऱ्या एका रडारला उन्हाळ्याच्या दिवसांत हजार मैलांहून अधिक दूर असलेला अरबस्तानचा किनारा दिसत असे. समुद्रावरची दमट, गार हवा खालीं आणि जमिनीवरून आलेली कोरडी, तापलेली हवा वर, अशी ती रचना होती. मोसमी वारे सुरू होऊन हवा ढवळून निघाली कीं अरबस्तान दिसेनासें होई.

हें झालें जुन्या लहरींविषयीं. परंतु तो काळ आतां गेला. २०२२ सालापर्यंत दूरदर्शननें आपलीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक भूक्षेपण केंद्रें बंद केलीं, आणि कौलावरचा मासा जाऊन तेथें छत्री आली. दूरदर्शनची विनामूल्य उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली. आज ती ‘फ्री डिश’ या नांवानें ओळखली जाते. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, आपल्या दृष्टीनें स्थिर असतो. लोणावळ्याहून त्याची जागा आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५८ अंश वर येते. ज्या दिशेस एके काळीं सिंहगड शोधला जाई, बहुतेक त्याच दिशेस आज छत्री पाहते. फरक इतकाच कीं आतां मान वर केलेली असते.

या नव्या लहरीची लांबी मात्र अवघी अडीच सेंटीमीटर आहे. येथें थेंब मोहरीचा दाणा राहत नाहीं. लहर आणि थेंब यांची मापें इतकीं जवळ आलीं कीं प्रत्येक थेंब लहरीचा थोडा अंश शोषून घेतो आणि थोडा इतस्ततः उधळतो. छत्तीस हजार किलोमीटरांच्या प्रवासांत या लहरीस खरा त्रास शेवटच्या चार-पांच किलोमीटरांत, म्हणजे पावसाच्या पट्ट्यांतच होतो. तासाला पन्नास मिलिमीटर या वेगानें त्या साऱ्या वाटेवर पाऊस पडत असेल तर लहरीची शक्ति एकदशांशाहूनहि खालीं जाऊं शकते.

आणि आतां बर्फाची गोष्ट. मावळांत बर्फ नाहीं असें मीं आरंभीं म्हटलें, तें जमिनीपुरतें खरें आहे. आपल्या प्रदेशांत पावसाळ्याच्या दिवसांत सुमारें पांच किलोमीटर उंचीवर हवा गोठणबिंदूस पोंचते. गडगडाटी ढग याच्या पुष्कळ वर चढतात आणि त्यांच्या वरच्या भागांत खरोखरीचा बर्फ असतो. म्हणजे मे महिन्याच्या वळवाच्या वेळीं लोणावळ्याच्या डोक्यावर हिमवर्षाव चालूच असतो. तो खालीं पोंचेपर्यंत वितळून त्याचा पाऊस होतो, इतकेंच. गंमत अशी कीं, हा कोरडा बर्फ लहरीस फारसा अडवीत नाहीं. वितळूं लागलेला, पाण्यानें माखलेला बर्फ आणि त्याखालचा पाऊस हे खरे अडविणारे.

यावरून मावळांतील कोणता पाऊस चित्रास बाधक, हेंहि उमजतें. आषाढ-श्रावणांत घाटावर दिवसचे दिवस जो पाऊस लागतो, तो पुष्कळदां ठेंगण्या ढगांतून, बारीक थेंबांनीं, संथपणें पडत असतो. त्याची बेरीज प्रचंड होते, पण कोणत्याहि एका क्षणीं वाटेंत असलेलें पाणी बेताचें असतें. त्यामुळें अशा झडींत चित्र बहुधा टिकतें. उलट वैशाखांतला वळीव किंवा परतीचा पाऊस वीस मिनिटेंच पडेल, पण टपोऱ्या थेंबांनीं आणि उंच ढगांतून पडेल. चित्र जावयाचें तें त्याच वेळीं. महाबळेश्वरीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे; घाटावरचे ढग देशावरच्या ढगांहून निराळे, म्हणूनच त्यांच्यासाठीं डोंगरमाथ्यावर जाऊन बसावें लागतें.

धुक्यास मात्र निर्दोष सोडावें लागेल. खंडाळ्याच्या धुक्यांत समोरचा मनुष्य दिसत नाहीं, म्हणून लहरीसहि वाट दिसत नसेल असें वाटणें साहजिक आहे. पण धुक्याचे कण मिलिमीटराच्या शंभराव्या हिश्शाएवढे. अडीच सेंटीमीटरांची लहर त्यांतून निर्वेध निघून जाते. नुसत्या थंडीनेंहि छत्रीचें कांहीं बिघडत नाहीं. जेथें जमिनीवर बर्फ पडतो, त्या काश्मीरांत किंवा कॅनडांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांच्या घरीं, अडचण निराळी असते. ओला बर्फ छत्रीच्या खोलगट अंगास चिकटून तिचा आकारच बदलून टाकतो, आणि तो मऊ कुंच्यानें झाडून काढावा लागतो. कोरडा, भुसभुशीत बर्फ बव्हंशीं आपोआप घसरतो.

जुन्या आणि नव्या पद्धतींत आणखी एक भेद आहे. पूर्वीं लहर दुबळी होत गेली कीं मुंग्या हळूहळू वाढत. चित्र अंधुक झालें तरी बातम्या ऐकूं येत. आतांची लहर अंकांच्या रूपानें येते. अंक ठराविक मर्यादेपर्यंत बिनचूक वाचतां येतात, म्हणून चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतें; मर्यादा ओलांडली कीं तें क्षणभर चौकडीं चौकडीं होऊन थिजतें आणि नाहींसें होतें. मुंग्या पूर्वसूचना देत असत. आतां पडद्यावर एकदम ‘सिग्नल नाहीं’ असा निरोप येतो, आणि माणसें घाबरून छपराकडे धांवतात.

तेव्हां छपराकडे धांवण्यापूर्वीं काय पाहावें? वीज आहे कीं नाहीं हें पाहून झाल्यावर शेजारीं विचारावें. तीच सेवा घेणाऱ्या शेजाऱ्याचेंहि चित्र गेलें असेल तर दोष आकाशाचा, स्वस्थ बसावें. शेजाऱ्याचें ठीक असेल तर दोष बहुधा आपल्या घरचा. पाऊस ओसरल्यावर अर्ध्या तासांत चित्र आलें तर दोष पावसाचाच होता. पाऊस थांबून ऊन्ह पडलें तरी तें आलें नाहीं, तर छत्रीच्या तोंडाशीं असलेल्या डबींत किंवा तारेच्या जोडांत पाणी शिरलेलें असावें. चित्र केवळ वाऱ्याच्या झोतासरशीं जात-येत असेल तर छत्रीचा खांब ढिला आहे. दोन फुटी छत्री तिच्या नेमक्या दिशेपासून दीड-दोन अंश ढळली तरी निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ति गमावते. ३ जून २०२० रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें मावळांत झाडें आणि छपरें उखडलीं. तसें वादळ वर्षानुवर्षें न येवो, पण घाटावरचा नेहमींचा वाराहि खिळे सैल करण्यास पुरेसा असतो.

आणखी एक कारण सहसा ध्यानांत येत नाहीं. जूनमध्यें नीट असलेलें चित्र ऑगस्टमध्यें बिघडतें आणि दिवाळीनंतर सुधारतें, असा अनुभव असल्यास आग्नेयेच्या बाजूचें झाड पाहावें. मावळांत पावसाळ्यांत झाडें हांहां म्हणतां वाढतात, आणि ओलीं पानें या आंखूड लहरीस पावसाहूनहि अधिक अडवितात.

उलट कधीं कधीं आकाशांत ढगाचें चिन्हहि नसतांना चित्र जातें. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभीं कांहीं दिवस, सकाळीं अकराच्या सुमारास, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीमागें येतो. सूर्याची स्वतःची बिनतारी कुजबुज इतकी मोठी कीं उपग्रहाचा क्षीण आवाज तींत बुडून जातो. कांहीं मिनिटांत सूर्य पुढें सरकतो आणि चित्र परत येतें. तेव्हां हवेस दोष देऊं नये आणि छत्रीसहि हात लावूं नये.

दुरुस्तीची योग्य वेळ म्हणजे एप्रिल किंवा मे महिन्यांतील कोरडी सकाळ. छत्रीचे खिळे आवळावे. गंजलेले जोड बदलून त्यांवर पाणी न शिरूं देणारी पट्टी गुंडाळावी. तार घरांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशीं गळून पडेल, घरांत येणार नाहीं. छत्रीचा खांब विजेच्या तारांपासून दूर ठेवावा आणि त्यास जमिनींत पुरलेली तार जोडावी. ढग गडगडूं लागले म्हणजे यंत्राची पिन काढून ठेवावी. आणि पाऊस चालू असतांना, मग कितीहि रंगलेला सामना चालू असो, छपरावर कोणासहि चढूं देऊं नये. ही शेवटची सूचना घरांतील तरुणांना न आवडली तरी वडीलधाऱ्यांनीं ती मोडूं देऊं नये.

जातां जातां एक गोष्ट मला आग्रहानें सांगावयाची आहे. ज्या पावसानें छत्री मुकी होते, तोच पाऊस डोंगराळ गांवांस धोक्याचाहि असतो. ३० जुलै २०१४ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर खचून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. सह्याद्रीची तीच रांग मावळांतूनहि जाते. अशा रात्रीं छत्री बंद पडते, वीज जाते, आणि भ्रमणध्वनीचीहि शाश्वती नसते. नेमकी सूचना हवी असते त्याच वेळीं ती आणणारी आंखूड लहर थेंबांत अडकलेली असते. परंतु आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांब असतात. विजेच्या कडकडाटाबरोबर त्यांत खरखर येईल, पण पाऊस त्यांना अडवूं शकत नाहीं. यास्तव डोंगराच्या पायथ्याशीं ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं, आणि शहरांतून लोणावळ्यास बंगल्यांत राहावयास जाणाऱ्यांनींहि, बॅटरीवर चालणारा एक लहान रेडिओ आणि ताज्या बॅटऱ्यांची एक जोडी पावसाळ्यापूर्वीं घरांत आणून ठेवावी. रेडिओवरून बोलणाऱ्यानें रेडिओची शिफारस करावी हें आपणांस थोडें स्वार्थाचें वाटेल. पण हिशेब थेंबाच्या आणि लहरीच्या लांबीचा आहे, आणि तो कोणासहि पडताळून पाहतां येईल.

माझी वेळ संपली आहे. येत्या पावसाळ्यांत आपल्या घरचें चित्र टिको, आणि न टिकलें तर तें परत येईपर्यंत सर्व मंडळी छपराखालींच राहोत, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतों.